कमी पैशात छोट्या बेटावरचा समुद्र: शहीद द्वीपला जा आणि तिथेच राहा

तुम्ही विचारलंय की नवरा-बायको दोघांना सात दिवस सुट्टी आहे, पैसे बेताचे आहेत, मालदीव परवडणार नाही, पण एखाद्या लहानशा बेटावर निळं पाणी आणि पांढरी वाळू बघायचीच आहे. तर कुठे जावं?

माझं उत्तर: अंदमानातलं शहीद द्वीप. जुनं नाव नील. आम्ही दोघं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो, चार रात्री राहिलो, आणि आजही कुणी विचारलं तर हेच नाव तोंडात येतं.

आधी खर्चाचं बोलू. अंदमानात पैसे राहण्या-खाण्यात फारसे जात नाहीत, हिंडण्यात जातात. सहलवाल्यांचा कार्यक्रम बघा: पाच-सहा दिवसांत तीन-चार बेटं. प्रत्येक वेळी बोटीचं तिकीट, धक्क्यापासून हॉटेलपर्यंत गाडी, पुन्हा सामान बांधा, पुन्हा धक्का. शिवाय प्रत्येक किनाऱ्यावर जेमतेम दोन तास. आम्ही ठरवलं, एकच बेट घ्यायचं आणि तिथेच मुक्काम ठोकायचा. त्यामुळे आमच्या खर्चात विमान सोडलं तर मोठं असं काही उरलंच नाही. विमानाची तिकिटं मात्र जितकी आधी काढाल तितकं बरं. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजही जातं, पण त्याला एका बाजूने तीनेक दिवस लागतात. सात दिवसांच्या सुट्टीत ते बसत नाही.

विमान पोर्ट ब्लेअरला उतरतं. २०२४ पासून शहराचं नाव श्री विजयपुरम झालंय, तिकिटावर दोन्हींपैकी कुठलंही दिसेल, गोंधळू नका. तिथून शहीद द्वीपला सरकारी बोट जाते, फिनिक्स बे जेटीवरून, साधारण दोन तासांत. खासगी बोटी वेगाने जातात, वातानुकूलित असतात, पण तिकीट कितीतरी महाग आणि बऱ्याच बोटींत काचेच्या आत बसून राहावं लागतं. सरकारी बोटीत आम्ही वरच्या डेकवर उभे होतो. खाली भाजीच्या रिकाम्या करंड्या, गॅसची सिलिंडरं, सुट्टीला घरी निघालेली कॉलेजची मुलं. ही बोट मुळात बेटावरच्या लोकांसाठी आहे, दवाखान्यापासून बाजारापर्यंत त्यांचं सगळं तिच्यावर चालतं. म्हणून जागा लवकर भरते. तिकिटं सुरू झाली की लगेच काढा, ओळखपत्र जवळ ठेवा.

बेट एवढंसं आहे की भाड्याची सायकल पुरते. आम्हाला ती दिवसाला दीडशे रुपयांना मिळाली, आता थोडी वाढली असेल. गावांची नावं वाचून घरी आल्यासारखं वाटतं: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने इथे जमिनी देऊन वसवलं, त्यांनी जंगलातून शेती उभी केली. आज अंदमानच्या बाजारातली बरीच भाजी याच बेटावरून जाते. सायकल मारताना एका बाजूला वांग्या-भोपळ्याचे मळे, सुपारीच्या बागा, आणि वळण घेतलं की समोर समुद्र. कोकणातल्या माणसाला हे दृश्य ओळखीचं वाटेल, फक्त वाळू काळसर नाही, पांढरी शुभ्र आहे, कारण ती पोवळ्यांच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची बनलेली असते.

आम्ही बाजाराजवळ एका कुटुंबाच्या घरामागच्या खोलीत राहिलो. अगदी किनाऱ्यावरच्या रिसॉर्टच्या मागे लागू नका, इथे कुठलाही किनारा सायकलने जवळच आहे. घरच्या बाईंना बंगालीत 'माशी' म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. मोहरीच्या तेलातलं माशाचं कालवण, वरण, भात, भाजी, दोघांचं जेवण पाचशेच्या आत. मोहरीचा वास पहिल्या दिवशी नाकात बसतो, तिसऱ्या दिवशी तोच हवासा वाटतो. मासे खात नसाल तरी भाजी ताजी मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, भरती-ओहोटी. पॅकेजवाले दोन तासांत आणून नेतात आणि लोक म्हणतात, पाणीच नव्हतं, नुसते खडक होते. ते ओहोटीला पोचलेले असतात. भरतपूरच्या किनाऱ्यावर पोहायला भरतीला जायचं. लक्ष्मणपूरच्या बाजूला समुद्राने खडक पोखरून केलेली नैसर्गिक कमान आहे, स्थानिक लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात, तिथे मात्र पूर्ण ओहोटीलाच जायचं. पाणी मागे गेलं की खडकातल्या डबक्यांत समुद्रकाकडी, तारामासे, चिमुकले रंगीत मासे दिसतात. तिथल्या एका वाटाड्याला आम्ही सोबत घेतलं, त्याचे पैसे वसूल झाले. आमच्या डोळ्यांना निम्मंही दिसलं नसतं. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं आपलं कोकणातलं गणित इथे चालत नाही, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. उतरल्या दिवशीच घरमालकांना विचारून घ्या. मग रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते, हे धरून दिवस आखा.

घड्याळाचंही तसंच. बेटं इतकी पूर्वेला आहेत की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. लक्ष्मणपूरला मावळतीला जायचं तर चारलाच निघा. सीतापूरला उगवती बघायची तर साडेपाचच्या आत तिथे हवं. अंधार पडल्यावर रस्त्यात दिवे कमी, म्हणून टॉर्च ठेवा. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात आणि ती खाज आठवडाभर जात नाही. खोबरेल तेल लावून बसलो तेव्हा आम्हाला त्रास कमी झाला. रोख पैसे शहरातूनच घेऊन जा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

पोवळ्यांवर पाय देऊ नका, कळकळीने सांगतो. ते दगड नाहीत, जिवंत आहेत आणि बोटभर वाढायला त्यांना वर्षं लागतात. ओहोटीला लोक फोटोसाठी त्यांच्यावर चढताना पाहून जीव तुटायचा. वाळूतला मेलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका, प्रवाळ बेटावरून नेणं हा गुन्हा आहे.

परतीला एक दिवस हातचा ठेवा. आमच्या वेळी उपसागरात वादळाची चिन्हं दिसली आणि दुपारची बोट रद्द झाली. दुसऱ्या दिवशी सकाळची मिळाली, विमान त्याच्या पुढच्या दिवशी होतं म्हणून निभावलं. त्याच दिवशी विमान असतं तर नव्या तिकिटात सगळी बचत गेली असती. जून ते सप्टेंबर तर जाऊच नका. जानेवारी ते एप्रिल समुद्र बहुधा शांत असतो.

तो हातचा दिवस वाया जात नाही. शहरात सेल्युलर जेल आहे. १९११ ते १९२१ सावरकर तिथे होते, त्यांची कोठडी बघायला मराठी माणसं आवर्जून येतात. नील हे नाव १८५७ चा उठाव निर्दयपणे चिरडणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचं होतं. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि अंदमानला शहीद, निकोबारला स्वराज म्हटलं. त्यावरूनच २०१८ मध्ये या बेटाला आजचं नाव मिळालं. आम्ही जेल शेवटी पाहिलं. चार दिवस त्याच समुद्रात मनसोक्त डुंबल्यावर त्या भिंतीपाशी उभं राहिलो, आणि बाहेर दिसणारं तेच निळं पाणी बराच वेळ नुसतं बघत राहिलो. बायको काही बोलली नाही, मीही नाही.