वडील ७४ वर्षांचे आहेत, अजून स्वतः गाडी चालवतात. चावी काढून घेऊ का?

लगेच नको. आधी एकदा त्यांच्या शेजारच्या सीटवर बसा आणि मोबाईल बाजूला ठेवून नुसतं बघत रहा.

तुम्ही लिहिलंय की गाडीला दोन महिन्यांत तीन ओरखडे आलेत आणि विचारलं की "पार्किंगमध्ये कोणीतरी घासून गेलं असेल" असं म्हणतात. अहो, आमच्याकडे पण सेम डायलॉग होता. आणि मी काय करायचे, तर "बाबा हळू चालवा" म्हणून मागे लागायचे, जे अगदीच बिनकामाचं होतं कारण ते जन्मात कधी जोरात चालवत नव्हते. म्हाताऱ्या माणसांचे अपघात सहसा स्पीडने किंवा पिऊन होत नाहीत, ते होतात चौकात, वळताना, दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं राहून जातं तेव्हा.

मला हे कळलं ते शेजारी बसल्यावरच. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या मधून वळायचं होतं. बाबा थांबले, बस येताना बघितली, बस गेली आणि त्यांनी क्लच सोडला. बसच्या मागे मोटरसायकल होती! मी ओरडले म्हणून ब्रेक लागला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हा कुठून आला?" आणि खरं सांगते, ते नाटक नव्हतं, त्यांना तो दिसलाच नव्हता. चष्मा लावून पुढच्या गाडीचा नंबर ते फटकन वाचतात, पण एका जागी थांबलेली अक्षरं वाचणं वेगळं आणि चार बाजूंनी हलणाऱ्या चार गोष्टी एका नजरेत घेणं वेगळं. हे दुसरं वयाने कमी होतं. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, त्यामुळे अर्धा सेकंद उशिरा कळलं तरी संपलं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मात्र आधी न्या, नुसता नंबर काढायला नाही, पूर्ण तपासणीला. वय वाढलं की बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळट होतं, आणि साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून दिवसा ठणठणीत चालवणारा माणूस रात्री चाचपडतो. समोरचे हेडलाइट फुटल्यासारखे पसरतात म्हणाले तर मोतीबिंदू असू शकतो, तो ऑपरेशनने जातो. काचबिंदू जास्त लबाड, तो कडेची नजर हळूहळू खातो आणि माणसाला पत्ताच लागत नाही.

गोळ्यांची पिशवी पण डॉक्टरसमोर उलटी करा. झोपेची गोळी सकाळपर्यंत अंगात राहू शकते, सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, शुगरच्या काही औषधांनी किंवा इन्सुलिनने साखर अचानक उतरते. डायबिटीस जुना असेल तर तळपाय बधीर आहेत का तेही विचारा, कारण पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर हे तळव्यालाच कळायचं असतं. आणि गाडी उभी असताना त्यांना खांद्यावरून मागे बघायला सांगा. बाबांची मान अर्ध्यातच अडकायची, बाकी सगळं आरशावर भागवत होते. ओरखडे तिथलेच.

हे सगळं थोडंफार दुरुस्त होतं. पण ओळखीच्या रस्त्यावर चुकायला लागले, पेडलची गल्लत झाली, किंवा सिग्नल हिरवा होऊनही काय करायचं ते सुचेना, तर मग ऑपरेशन-बिपरेशनची वाट बघू नका, गाडी त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरकडे. त्या वयात साध्या धडकेनेही बरगड्या मोडतात, तरुण माणूस ज्यातून उठून घरी जातो त्यात हे जातात. सीट स्टिअरिंगला चिकटवून बसत असतील तर तेही मागे घ्यायला लावा, छाती आणि स्टिअरिंगमध्ये २५ सेंटीमीटर तरी जागा हवी, एअरबॅग जोरात उघडते.

आणि बोलणं शक्यतो डॉक्टरच्या तोंडून होऊ दे. मी सांगितलं तर अपमान व्हायचा, डॉक्टरने सांगितलं तर पथ्य! चावी लपवायचा प्रकार माझ्या भावाने केला होता, बाबा आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. गाडी गेली की माणूस घरात कोंडतो, खचतो, म्हणून त्यांना कुठे कुठे जायचं असतं आणि तिथे कोण नेणार ते आधी ठरवा.

आमच्याकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, रात्रीचं आणि पावसातलं ड्रायव्हिंग बंद झालं, तो चौक टाळून लांबचा रस्ता धरला. दर दोन-तीन महिन्यांनी मी शेजारी बसते. ती मोटरसायकल राँग साइडने आली होती असं बाबा अजून म्हणतात, मी "हो" म्हणते.