कॉन्सर्टला अनोळखी व्यक्तीबरोबर जावं का? मी गेलेय, म्हणून सांगते

तुमचा प्रश्न असा की आवडत्या गायकाच्या शोची दोन तिकिटं काढून ठेवलीत, मैत्रिणीचं ऐनवेळी रद्द झालं, आणि आता फॅन ग्रुपमधली एकजण जिला तुम्ही कधी भेटलाच नाहीत ती येते म्हणतेय, तर तिच्याबरोबर जावं का. जा. माझ्यावर हीच वेळ आली होती आणि मी पण तेव्हा दोन दिवस नुसता विचार करत बसले होते.

मी ज्या गिटारिस्टला कॉलेजपासून ऐकतेय त्याच्या आधीच्या शोला मी जवळच्या मैत्रिणीला घेऊन गेले होते. ती फक्त माझ्यासाठी आलेली, तिसऱ्या-चौथ्या गाण्याला तिने फोन काढला आणि मग माझं अर्धं लक्ष तिच्याकडेच, हिला बोअर होतंय का, निघायचं का, बसायला जागा बघू का. तिची काहीच चूक नाही, पण इतकी वर्षं वाट बघून तो शो मी निम्माच ऐकला. त्यामुळे पुढच्या वेळी एक तिकीट उरलं तेव्हा मी ग्रुपवर विचारलं आणि माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या एक ताई यायला तयार झाल्या.

पहिली दहा मिनिटं अवघड जातात हे खरं. नाव काय, काय करता, मग शांतता. रांगेत उभं असताना मी विचारलं, सुरुवात कुठल्या गाण्याने करेल असं वाटतं, आणि तिथून जे बोलणं सुरू झालं ते गेटपर्यंत थांबलंच नाही, कारण त्यांना प्रत्येक अल्बम तोंडपाठ होता. नंतर शोमध्ये त्याने एक जुनं गाणं काढलं, जे तो लाइव्ह जवळपास वाजवतच नाही, आणि पहिले दोनच सूर ऐकल्यावर आम्ही दोघींनी एकदम एकमेकींकडे बघितलं. बाकी लोकांना अजून कळलं पण नव्हतं कोणतं गाणं आहे. ताईंच्या डोळ्यात पाणी होतं, माझ्या पण.

याच्यावर संशोधन पण झालंय. 2011 मध्ये मॅकगिल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी दाखवलं की आवडत्या गाण्यातली ती अंगावर काटा आणणारी जागा यायच्या आधीच, नुसती तिची वाट बघतानाच मेंदूत डोपामिन (आनंदाशी जोडलेलं रसायन) सुटायला लागतं, आणि प्रत्यक्ष जागा आली की मेंदूच्या दुसऱ्या भागात सुटतं. म्हणजे गाणं पाठ असलेल्या माणसाचं ऐकणंच वेगळं असतं, आणि माझ्या मते शेजारी तीच वाट बघणारं कोणी असेल तर ते नाव-गाव माहीत नसलेलं असलं तरी चालतं. 2015 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गाण्याचे आणि हस्तकला, लेखन वगैरेचे वर्ग सात महिने बघितले, शेवटी जवळीक सगळ्याच वर्गांत झाली पण गाणाऱ्यांची सुरुवातीलाच पटकन झाली. आम्ही काही गात नव्हतो, पण मला त्या रांगेतून गेटपर्यंतच्या वेळेत असंच काहीसं दिसलं.

आता काळजी घ्यायची ती शोच्या आधी आणि नंतर. एकदा व्हिडिओ कॉल करा, माणूस तोच आहे ना हे कळतं आणि अवघडलेपण पण कमी होतं. पैसे आधी घ्या आणि तिकीट अॅपमधूनच ट्रान्सफर करा, स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहू नका कारण बऱ्याच तिकिटांचा कोड सारखा बदलत असतो आणि जुना गेटवर चालत नाही. भेटा ते गेटजवळ, माणसं असतील तिथे. घरी एकाला तरी सांगून ठेवा कोणाबरोबर आणि कुठे जाताय, आणि परतायची सोय स्वतःची स्वतंत्र ठेवा, सोडते म्हणाली तरी पहिल्या भेटीत नको. हजारो फोन एका जागी आले की नेटवर्क बसतं, तेव्हा चुकामूक झाली तर कुठे उभं राहायचं ते आत शिरायच्या आधीच ठरवा, आम्ही ठरवलं होतं म्हणून सापडलो.

उभं कुठे राहायचं हे पण आधीच बोला. तिला अगदी स्टेजपाशी जायचं असेल आणि तुम्हाला नको असेल तर खुशाल वेगळं उभं राहा, कोणी वाईट वाटून घेत नाही. मला विचाराल तर साउंड इंजिनिअरचं डेस्क असतं त्याच्या आसपास उभं राहा, तो तिथे ऐकूनच सगळा आवाज बसवत असतो, अगदी पुढे गेलं की बऱ्याचदा ड्रम्स आणि अॅम्पच (गिटारचे स्पीकर) जास्त ऐकू येतात आणि गायकाचे शब्द हरवतात. आणि प्लीज इअरप्लग घ्या, दोन जोड्या घ्या, एक तिच्यासाठी. 85 डेसिबल आवाज कानांना दिवसाला 8 तास चालतो असं धरतात, पण पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे 100 ला फक्त 15 मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलचीच मर्यादा सांगितलीय आणि शो तर दोन-दोन तास चालतो. संगीतासाठी बनवलेल्या इअरप्लगने गाणं फारसं बिघडत नाही, उलट मला तर शब्द मोकळे ऐकू येतात.

एक राहिलं, शो चालू असताना सारखं बोलून तिची सोय बघायची गरज नाही. ती पण त्या गायकासाठीच आलीय. आम्ही दोघी दोन तासांत चार वाक्यं बोललो असू. बाहेर पडल्यावर मात्र अर्धा तास गेटजवळच उभ्या राहून कोणत्या गाण्याला त्याने शेवट कसा बदलला तेच बोलत होतो, मग त्या त्यांच्या वाटेने गेल्या, मी माझ्या. त्यानंतर दोन शो झाले, दोन्हीची तिकिटं आम्ही एकत्र काढली.