दहा हजारांचा रेडिएटर की पाच लाखांचं कर्ज?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मी कराडला शिक्षक आहे. माझी पेट्रोल वॅगन-आर जून २०१२ची, १ लाख १० हजार किलोमीटर झालेली. दोन महिन्यांपासून रेडिएटर गळतोय, रोज सकाळी लिटरभर पाणी घालतो. सर्व्हिस सेंटरने नवीन रेडिएटरचे मजुरी आणि कूलंटसह ८,५०० सांगितले. ओळखीचा मेकॅनिक १,२०० रुपयांत टाकी चिकटवून देतो म्हणतो. घरचे म्हणतात, जुन्या गाडीवर आता पैसे घालू नका. ६ लाख ८० हजारांची नवी गाडी पाहिली आहे: जुनीचे ८० हजार, बचतीतले १ लाख, बाकी ५ लाख कर्ज साडेनऊ टक्क्यांनी. बचत एकूण २ लाख ४० हजार. मुलगी अकरावीला आहे. काय करू?

सर, नमस्कार.

गाडी ठेवायची की काढायची हे नंतर पाहू. आधी सांगा, या दोन महिन्यांत इंजिनच्या तापमानाचा काटा कधी लाल पट्ट्याकडे गेला होता का? सगळा हिशेब या एका गोष्टीवर फिरतो, आणि तुमच्या पत्रात नेमका तोच उल्लेख नाही.

रेडिएटर गळणं हा स्वस्तातला आजार आहे. पण पाणी संपून इंजिन एकदा जरी नीट तापलं, तरी ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकू शकतं, त्याखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) जातं आणि इंजिन खोलावं लागतं. तो खर्च रेडिएटरच्या कित्येक पट असतो. विम्याच्या भरवशावर राहू नका. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या वाहन विम्यात धरत नाहीत. गळतंय हे माहीत असताना गाडी चालवून इंजिन गेलं, तर ते बिल तुमचंच.

म्हणून या आठवड्यात रेडिएटरची प्रेशर टेस्ट करून घ्या. गळती टाकीच्या जोडावर आहे, जाळीत आहे की नुसत्या होज पाइपच्या क्लिपपाशी आहे, ते कळेल. क्लिपच असेल तर दीड-दोनशे रुपयांत विषय मिटला. सोबत ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू पाहा. दुधाळ, चहासारखा थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये गेलेलं असू शकतं. मग रेडिएटरवर एक रुपयाही घालायच्या आधी इंजिनच्या कामाचा अंदाज लेखी घ्या. तो ३० हजारांच्या पुढे गेला, तर गाडी आहे त्या अवस्थेत विकून तुमच्या आवाक्यातली दुसरी चांगली जुनी गाडी बघा, असं मी सांगेन.

ऑइल स्वच्छ असेल तर नवीन रेडिएटर बसवा.

टाकी चिकटवण्याच्या वाटेला जाऊ नका. पूर्वीच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाग देऊन घेता यायचा, तो वर्षानुवर्षं टिकायचा. तुमच्या गाडीत ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकची टाकी दाबून बसवलेली असते. तेरा वर्षं गरम-गार होऊन ते प्लास्टिक कडक झालेलं असतं. आज इथे चिकटवाल, उद्या बोटभर पुढे तडकेल. गळती बंद करणारी बाटली मिळते, तीही नको. तिचा गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आणि रोजचं नळाचं पाणी आतून क्षार धरतंय, तेही आजपासून थांबवा. तात्पुरतं घालायचंच तर डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी घाला, तेसुद्धा इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

काम करतानाच होज पाइप, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप) आणि रेडिएटर कॅपही बदला. दोनेक हजार जास्त धरा. म्हणजे खर्च झाला साधारण १०,५००.

आता नव्या गाडीकडे वळू. ५ लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं: महिना हप्ता जवळपास १०,५००. एकूण परतफेड ६ लाख ३० हजार, त्यात व्याज १ लाख ३० हजार. म्हणजे रेडिएटर आणि त्याबरोबरचं सगळं काम मिळून फक्त एका हप्त्याएवढं आहे. ‘जुन्या गाडीवर पैसे घालू नका’ हे घरच्यांचं म्हणणं काळजीपोटी आहे, ते मी समजू शकतो. पण या दुरुस्तीने गाडी सहा महिने चालली तरी ती हप्त्यांपेक्षा स्वस्त पडते. उद्या विकायची ठरली, तरी गळकी गाडी बघून गिऱ्हाईक दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्तच भाव पाडतं.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुमच्या गाडीची नोंदणी जून २०२७मध्ये पंधरा वर्षांची होऊन संपेल. मुलगी आज अकरावीला, म्हणजे बारावीनंतरचा तिचा प्रवेशही त्याच उन्हाळ्यात. कॉलेजची पहिली फी आणि गाडीचा निर्णय एकाच वेळी दारात उभे राहणार. आज बचतीतले १ लाख काढून वर हप्ता लावलात, तर त्या वेळी हातात १ लाख ४० हजार आणि डोक्यावर साडेतीन लाखांच्या वर कर्ज असेल. हे मला अजिबात पटत नाही.

त्याऐवजी गाडीच्या नावाने दरमहा ६,००० ची आवर्ती ठेव सुरू करा. दीड वर्षात १ लाख ८ हजार आणि वर व्याज. ६ हजार बाजूला पडताना घर ओढाताणीशिवाय चालतं का, हेही तुम्हाला कळेल. ते जमलं नाही तर साडेदहा हजारांचा हप्ता कसा जमणार? २०२७मध्ये गाडी ठणठणीत असेल तर फिटनेस तपासून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्या. मोटारीसाठी ही फी २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली आहे, शिवाय पर्यावरण कर लागेल. त्यासाठी या ठेवीतलेच १५ हजार बाजूला धरा. नवी गाडी मुलीची पहिल्या वर्षाची फी भरून झाल्यावर.

तोवर, म्हणजे रेडिएटर बदलेपर्यंत, गाडी गावाबाहेर काढू नका. चिपळूणला जायचं असेल तर एसटीने जा. कुंभार्ली घाटाच्या चढावर पाणी संपलं तर वर केलेला सगळा हिशेब पुसून नव्याने मांडावा लागेल. टेस्टमध्ये काय निघालं आणि झाकणाखाली काय दिसलं, ते मला नक्की कळवा.