थालीपिठाची भोकं त्यालाच पाडू दे

अगं, दोन वर्षांचं पोर भाजी थुंकतंय म्हणून एवढी हवालदिल होऊ नकोस. या वयात नवी चव नाकारणं नेहमीचंच. तीच भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. 'चिऊचा घास, काऊचा घास' चालू दे, पण पोराचे हातही कामाला लाव.

थालीपीठ हा त्यातला हुकमी एक्का. भाजणीत किसलेला दुधी किंवा चिरलेली मेथी घाल, गोळा ओल्या फडक्यावर त्यालाच थापू दे आणि भोकंही त्याच्याच बोटाने पाडू दे. तव्याचं काम तुझं. भोकांत तेल सोडल्यावर होणारी चुरचुर त्याला लांबून ऐकू दे. आपण पाडलेल्या भोकाचा तुकडा पोरं सहसा सोडत नाहीत. मेथी दिसू दे बरं का! लपवलेली सापडली, की पुढे साधी पोळीसुद्धा संशयाने उलटून बघतात.

मटार सोलायला बसव, पण शेजारी बस. कच्चा दाणा घशात अडकू शकतो. अख्खे शेंगदाणे आणि द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच. दाण्यांचं कूट कर, द्राक्षं उभी चिरून चार फोडी कर.

मोबाइल बंद. 'भाजी संपव, मग चॉकलेट' हा सौदाही नको, त्याने भाजी शिक्षाच वाटते. आणि वाटी घेऊन घरभर मागे धावू नकोस, आजी कितीही हळहळल्या तरी. अर्ध्या तासात ताट उचल. पुढच्या खाण्याला भूक लागेलच.