जुन्या आयपॅडवरचा पांढरा चौकोन

प्रिय मित्रा,

तुझी मेल वाचली. तुझी स्लाइडशोची लायब्ररी (इतरांनी आपल्या साइटवर वापरायचा तयार कोड) ग्राहकाच्या जुन्या आयपॅडवर चालत नाहीये, स्लाइडशोच्या जागी नुसता पांढरा चौकोन दिसतोय, आणि तू ब्राउझरचं नाव ओळखून वेगळी वाट काढणारा कोड लिहायला घेतलायस. तो आधी पुसून टाक. ब्राउझर स्वतःची ओळख खरी सांगेल याचा भरवसा नाही. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ ने आपल्या ओळखीतून 'एमएसआयई' ही खूणच काढून टाकली होती, आणि २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरची सफारी स्वतःला मॅक म्हणवते. २०१३ मध्ये जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या १.९ आवृत्तीतून ब्राउझर ओळखायची सोय काढली, तेव्हा त्या सोयीवर विसंबलेले कितीतरी स्लायडर, म्हणजे असेच स्लाइडशो, आडवे झाले. कोणता ब्राउझर आहे ते सोड, नेमकं काय नाहीये ते शोध.

जुना आयपॅड म्हणजे काय ते बघ: पहिल्या पिढीचा आयपॅड एअर आयओएस १२ च्या, म्हणजेच सफारी १२ च्या, पुढे जात नाही. तिथे क्रोम टाकून उपयोग नाही, कारण आतलं इंजिन सफारीचंच. गंमत म्हणजे विंडोज ७ चा संगणक तुला इतका छळणार नाही. त्यावर क्रोम १०९ पर्यंत जाता येतं आणि ते २०२३ चं आहे.

तो आयपॅड मॅकला जोडून तपासायची सोय नसेल, तर लायब्ररीच्या आधी एक वेगळा छोटा स्क्रिप्ट टॅग टाक. त्यात विंडोच्या ऑनएररला (चूक झाली की ब्राउझर ज्याला हाक मारतो त्याला) एक फंक्शन दे आणि आलेला मजकूर सरळ पानावर छाप. हा तुकडा जुन्याच पद्धतीने, 'व्हार' (व्हेरिएबल घोषित करायचा जुना शब्द) वापरून लिही, नाहीतर तोच अडकायचा. लायब्ररीची फाइल दुसऱ्या डोमेनवरून येत असेल तर नुसतं 'स्क्रिप्ट एरर' दिसेल, म्हणून तपासणीपुरती ती त्याच सर्व्हरवर ठेव.

माझा अंदाज, पहिली तक्रार व्याकरणाची येईल. ऑप्शनल चेनिंग, म्हणजे 'असेल तरच पुढे जा' सांगणारं प्रश्नचिन्ह आणि टिंब, सफारीत १३.१ ला आलं. फाइलमध्ये ते एकदा जरी आलं, तरी आयओएस १२ त्या फाइलची एकही ओळ चालवत नाही. ट्राय-कॅच (चालताना आलेली चूक झेलायची सोय) घालून भागत नाही, कारण कोड चालायच्या आधी वाचतानाच अडतो. पॉलिफिल, म्हणजे नसलेली सोय भरून काढणारा कोड, तोही इथे कामाचा नाही. बेबल या साधनातून फाइल जुन्या व्याकरणात उतरवूनच द्यावी लागते. आणि ते काम लायब्ररीवाल्याचं, म्हणजे तुझं. वापरणारे आपला कोड असा उतरवतात तेव्हा नोड मॉड्यूल्सचा, म्हणजे बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांचा, फोल्डर बहुधा वगळलेला असतो. 'नोमॉड्यूल' (ज्या ब्राउझरला मॉड्यूल कळत नाहीत त्यांनीच ही फाइल घ्यावी, अशी खूण) लावून नवी-जुनी फाइल वेगळी करायचा विचार असेल तर जपून. आयओएस १२ ला मॉड्यूल कळतात, त्यामुळे तो नवीच फाइल उचलतो आणि आपटतो.

ते सुटलं की दुसरा थर उघडेल. ज्याला हलणारी चित्रं नकोत त्याच्यासाठी तू मॅचमीडियाने (वापरणाऱ्याची पसंती, पडद्याची रुंदी वगैरे विचारायचं फंक्शन) तपासतोस, हे चांगलंच केलंस. पण मॅचमीडिया आहे का एवढंच बघून पुढे, बदल झाला की कळावं म्हणून, ॲडइव्हेंटलिसनर लावलायस. सफारी १४ च्या आधी मॅचमीडियाने दिलेल्या ऑब्जेक्टवर ते नव्हतंच, ॲडलिसनर होतं. जे वापरणार आहेस तेच तपासायचं, त्याचा शेजारी नाही. घटकाचा आकार बदलला की कळवणारा रिसाइझऑब्झर्व्हरही सफारी १३.१ चाच. तो नसेल तर विंडोचा रिसाइझ इव्हेंट ऐक, स्लाइडशोला तेवढं पुरतं. पॅसिव्ह लिसनरचंही (मी स्क्रोल अडवणार नाही, असं ब्राउझरला आधीच सांगणारा) बघून ठेव. ज्या ब्राउझरला तो पर्याय माहीत नाही, तो तिसऱ्या जागेवरच्या ऑब्जेक्टला नुसतं 'खरं' समजतो आणि लिसनर कॅप्चरवर, म्हणजे बाहेरच्या घटकाला आधी कळेल असा, लावतो. एरर येत नाही, फक्त इव्हेंटचा क्रम उलटा होतो.

खरा घाम गाळशील तो गॅपपाशी, म्हणजे दोन स्लाइडमधली मोकळी जागा ठरवणाऱ्या सीएसएसपाशी. फ्लेक्स आणि ग्रिड या पान मांडायच्या दोन पद्धती. फ्लेक्समधला गॅप सफारीत १४.१ ला आला, पण ग्रिडमधला १२ मध्येच होता. म्हणून सीएसएसच्या सपोर्ट्सला (ब्राउझरला काय येतं ते सांगणाऱ्या तपासणीला) 'गॅप येतो का' विचारलंस की तो बेधडक 'हो' म्हणतो, आणि फ्लेक्सच्या स्लाइड एकमेकींना चिकटलेल्या राहतात. तुझा कोड मात्र दर स्लाइडला रुंदी अधिक १६ पिक्सेल सरकवतो. दुसऱ्या स्लाइडवर फरक जेमतेम दिसतो, पाचवीवर चित्र ६४ पिक्सेल डावीकडे सरकून पुढच्या स्लाइडची कड आत आलेली असते. मग लोक टच इव्हेंटमध्ये बग शोधत बसतात. यावर उपाय दोन, आणि दोन्ही कर. गॅपऐवजी स्लाइडला उजवं मार्जिन दे, आणि सरकायचं अंतर गणिताने न काढता त्या स्लाइडचा ऑफसेटलेफ्ट, म्हणजे डाव्या कडेपासूनचं अंतर, विचारून घे. पान खरोखर जसं मांडलं गेलंय तेच आकडे हाती येतील.

सरकणं संपेपर्यंत पुढचा स्पर्श अडवणारं कुलूप तू ट्रान्झिशनएंड (सरकणं संपल्यावर येणारा इव्हेंट) आल्यावर उघडतोस, तेही तपास. मधेच स्लायडर लपवला तर तो इव्हेंट येतच नाही, आणि कुलूप कायमचं बसतं. सोबत एक टाइमआउट ठेव, जे आधी होईल त्याने कुलूप उघडेल. शिवाय हा इव्हेंट आतल्या घटकांमधून वर चढतो. बटणाचा रंग बदलून झाला तरी तुझं फंक्शन चालेल, म्हणून इव्हेंटचं टार्गेट हा ट्रॅकच, म्हणजे स्लाइडची सरकणारी पट्टीच, आहे ना ते बघ.

इंटरनेट एक्स्प्लोररसाठी जीव काढू नकोस. मायक्रोसॉफ्टनेच १५ जून २०२२ ला ते निवृत्त केलं. फक्त जावास्क्रिप्ट चाललीच नाही तरी चित्रं दिसली पाहिजेत. मूळ सीएसएसमध्ये पट्टी आडवी स्क्रोल होऊ दे आणि पहिली स्लाइड लपवणारा क्लास स्क्रिप्टनेच लावू दे. सध्या तो एचटीएमएलमध्येच लिहिलेला आहे. पांढरा चौकोन दिसतो तो त्याच्यामुळे, एरर कुठलीही असो.

मॅचमीडियाचा बदल वेगळ्या कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या एका नोंदीत) पाठव, गॅपचं त्यात मिसळू नकोस. मार्जिनमुळे काहींचं स्वतःचं सीएसएस बिघडेल, तेव्हा तो बदल पुढच्या मोठ्या आवृत्तीत घाल.