त्या पोराला कसं इचारू?

"मॅडम, रोबो आलाय. आता आमचं काय?" मी समुपदेशक. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतून येणाऱ्यांकडून हल्ली हे वरचेवर ऐकते. त्यातलाच एक अनुभव, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून.

वय 46, आयटीआय झालेले वेल्डर. कोरडवाहू शेत भावावर सोडून बजाजनगरात स्थायिक झालेले. बोलली ती बायकोच. "रात्री दोनला उठून बसतेत. कामून म्हणलं तर बोलत नाहीत."

आधी आम्ही हिशोब मांडला. नोकरी कायम होती. कपात झालीच तर निदान महिन्याची नोटीस, नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार, वर ग्रॅच्युइटी. (कंत्राटी कामगाराच्या हाती प्रत्यक्षात बरेचदा एवढंही पडत नाही, हे खरंच आहे.) घराचा हप्ता चार वर्षं बाकी. "नवं शिका" असंही मी सांगून टाकलं, चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूम या प्रशिक्षण संस्थेचं नाव दिलं. झोप काही आली नाही.

दुसऱ्या वेळी मी एवढंच विचारलं, रोबो नेमकं करतो काय? गडी खुलला. "जिगमधी (पार्ट पकडून ठेवणारी चौकट) पार्ट नीट बसला नाही, फट राहिली, तरी आमचा रोबो शिकवलेल्या रेघेवरूनच जातो. माझा हात तिथं आपोआप हळू होतो. आवाजावरून कळतं बघा. भजे तळल्यासारखी एकसारखी चरचर आली की वेल्ड बरोबर."

"मग त्याला शिकवतं कोण?"

बराच वेळ गप्प. "एक डिप्लोमावालं पोरगं आहे. माझ्या लेकाएवढं. त्याला मी कसं इचारू?"

गाडी इथं अडली होती, आणि मी कोर्सची नावं देत बसले होते!

मग मी ते पोरगं झाले आणि आम्ही सराव केला. त्याला 'सर' म्हणायचं की 'बाळा', यातच दहा मिनिटं गेली. शेवटी 'भाऊ' ठरलं. "भाऊ, ते पेंडंट (रोबोला शिकवायचा हातातला रिमोट) मला दाखव. फट कशी वळखायची ते मी तुला दाखवतो."

महिन्याभरानं एकटेच आले. रोबोच्या रेघेवरचे पॉइंट आता पेंडंटवर स्वतः दुरुस्त करतात. झोप बरी आहे. उठता उठता म्हणाले, "लाइनवर सहा वेल्डर होतो, आता दोघंच. एकाला तुमच्याकडं धाडू का? फी जरा कमी करा त्याला."