रक्त कधी काढलं, ते आधी विचार

प्रिय डॉक्टर,

एंडोक्रायनॉलॉजीत, म्हणजे हॉर्मोनच्या आजारांच्या शाखेत, डीएम ही वरची पदवी झाल्यावर संशोधनात यावं की दवाखाना टाकावा, असं विचारलंस. जरूर ये, पण लॅबच्या कागदावर विसंबून राहायचं असेल तर येऊ नकोस.

कॉर्टिसॉल या ताणाच्या हॉर्मोनचंच घे. सकाळी आठच्या सुमारास ते चढलेलं असतं, मध्यरात्री तळाला. पण सतत रात्रपाळी करणाऱ्याची सकाळ आपल्यासारखी नसते, आणि फॉर्मवर झोपेचा रकाना बहुधा नसतोच. कॉर्टिसॉल बनवायला लावणारं मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं हॉर्मोन म्हणजे एसीटीएच. त्याचं रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घेऊन बर्फात ठेवावं लागतं. नळी लिफ्टपाशी ताटकळली की आकडा घसरतो, मग आपण धडधाकट पिट्युटरीवर संशय घेतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाचा घोळ तर आणखी गमतीचा. काही यंत्रांवर त्याने थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त येतो. आजार नसताना हायपरथायरॉइडचा (थायरॉइड जास्त चालत असल्याचा) रिपोर्ट तयार! ‘औषधं चालू आहेत का?’ विचारलंस तर बाई नाही म्हणतील. ‘केसांसाठी काही घेता का?’ असं विचार.

म्हणून सुरुवातीला पेपर लिहायची घाई नको. रक्त काढणाऱ्या सिस्टरांशेजारी उभं राहा.

अभ्यासात कोण आलं, हेही बघ. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासात, पाळी गेलेल्या बायकांना द्यायच्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन हॉर्मोनच्या गोळ्यांच्या चाचणीत 16,608 बायका होत्या, सरासरी वय 63. स्तनाच्या कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका दिसला म्हणून 2002 मध्ये ती थांबवली, आणि पाळी नुकतीच गेलेल्या पन्नाशीतल्या बायकांच्याही गोळ्या बंद झाल्या. आकडे खरेच होते. वयोगटाप्रमाणे ते वेगळे काढून पाहिल्यावर पन्नाशीतलं चित्र निराळं दिसलं, पण तोवर वर्षं गेली.

आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1993 पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा मागोवा ठेवला. वजनाने कमी, पण चरबी राखून जन्मलेली बाळं त्यात दिसली. असं काम ओपीडीत बसून होत नाही.

संमती घेताना किती रक्त काढणार ते मिलीत नको, चमच्यांत सांग. सीटीआरआयची (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतली) नोंदणी पहिल्या रुग्णाआधी झालेली हवी. पगार प्रॅक्टिसपेक्षा कमीच असेल, घरी आत्ताच सांगून ठेव.

आणि गाइडना पहिल्याच भेटीत विचार: रात्री नमुन्यांचा फ्रीझर बंद पडला तर फोन कोणाला जातो? तिथले लोक एकमेकांकडे बघायला लागले, तर दुसरा विभाग शोध.